आमचें घरगुती कीर्तिमंदिर

उत्तनच्या बाजूचें पाली हें आमचें गांव. समुद्रावरून वारा सुटला कीं वाळत घातलेल्या मासळीचा वास थेट आमच्या ओटीपर्यंत येतो. मास्तरकीच्या निमित्तानें या भागांत आलेलें आमचें बिऱ्हाड निवृत्तीनंतरहि येथेंच राहिलें. धाकटे बंधु, त्यांचा मुलगा, सुना, नातवंडें धरून आम्ही बारा माणसें एका छपराखालीं नांदतों. या घरांत गेलीं तीन वर्षें मे महिन्यांत एक विलक्षण सभा भरते. तिची यंदाची हकीकत वाचकांस सांगावी असें बरेच दिवस मनांत आहे.

पुतण्यानें संगणकावर क्रिकेटची एक काल्पनिक साखळी स्पर्धा रचली आहे. तींत कोणत्याहि काळचा खेळाडू कोणत्याहि काळच्या खेळाडूशीं खेळतो. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील आंकडे यंत्रास पुरवावयाचे. मग तें जणूं फांसे टाकून प्रत्येक चेंडूचा निकाल लावतें. सी. के. नायडूंनीं कपिल देवास षट्कार मारला म्हणून परवां नातू घरभर नाचला! हंगाम संपला कीं या स्पर्धेच्या कीर्तिमंदिरांत एका खेळाडूची स्थापना होते. घरांतील प्रत्येकास एक मत, मग तो सत्तरीचा असो वा सात वर्षांचा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचें खरें कीर्तिमंदिर २००९ सालीं निघालें. बेदी, गावसकर व कपिल देव यांचा त्यांत लगेच प्रवेश झाला. १९७८ सालीं निवर्तलेल्या विनू मंकडांस मात्र २०२१ पर्यंत तिष्ठावें लागलें. आमच्या घरीं इतका विलंब होत नाहीं. भांडण मात्र अधिक होत असावें.

यंदा उमेदवार चार होते. विजय मर्चंटांची बाजू आमच्या बंधूंनीं घेतली. प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७१.६४ ची सरासरी, म्हणजे दीर्घकाळ खेळलेल्यांत ब्रॅडमनखालोखाल; यापुढें बोलणेंच खुंटतें असें त्यांचें म्हणणें. नातवाचा ओढा भाऊसाहेब निंबाळकरांकडे. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या ४५२ ची बरोबरी नऊ धांवांवर आली असतां प्रतिपक्षानें पुढें खेळण्याचेंच नाकारलें, आणि या माणसास एकहि कसोटी सामना मिळाला नाहीं. "आजोबा, नऊ धांवा हो!" असें तो पुन्हां पुन्हां म्हणे.

माझें मत ठरलेलें होतें. प्राध्यापक दि. ब. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. संस्कृतचा पंडित क्रिकेटहि खेळूं शकतो हें लहानपणीं कळलें तेव्हां रूपें पाठ करणाऱ्या माझ्यासारख्या पोरास केवढा धीर आला, तें आतां सांगूनहि खरें वाटणार नाहीं. १९२६ सालीं गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं १४८ धांवा काढल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं मुंबईविरुद्ध २४६! त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला. कसोटी त्यांच्याहि नशिबीं नव्हती. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करीत मीं अर्धा तास भाषण केलें आणि सभा जिंकली असें समजून चहा मागितला.

चहा घेऊन थोरल्या सूनबाई आल्या त्या तेथेंच बसल्या. म्हणाल्या, "अप्पा, रागावणार नसाल तर बोलूं? माझें मत बाळू पालवणकरांना."

बंधु म्हणाले, "उत्तम गोलंदाज, पण सामने किती? अवघे तेहतीस."

"भावोजी, त्या काळीं आपल्याकडे असे सामने वर्षाला होत किती? त्या तेहतीस सामन्यांत बळी एकशें एकोणऐंशीं, आणि प्रत्येकीं जेमतेम पंधरा धांवा. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत सर्व मिळून एकशें चौदा. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबांत खेळपट्टी राखणारा चांभाराचा मुलगा तो. हिंदूंच्या संघांत घेतलें तेंहि, चहा बाहेर मातीच्या भांड्यांत देऊन! कर्णधारपद त्यांना मिळालेंच नाहीं. १९२३ सालीं मिळालें तें धाकट्या भावाला, विठ्ठलला."

मी जरा कठोरपणें म्हटलें, "सूनबाई, हें मंदिर खेळाचें आहे, कणवेचें नव्हे."

"मग पंधरा धांवांस एक बळी हा खेळच ना, अप्पा? यंत्राला त्यांची जात ठाऊक नाहीं. यंदा त्यांनीं मर्चंटांची तीनदां दांडी उडवली, ती कांहीं कणव म्हणून नव्हे."

सर्व हंसले. मला हंसूं आलें नाहीं.

नोकरीच्या आरंभीं एका तालुक्याच्या शाळेंत मुलांचा संघ निवडण्याचें काम मजकडे होतें. एक पोर डाव्या हातानें असा चेंडू वळवी कीं मलाहि पुढें पाऊल टाकण्याची छाती होत नसे. सामना परगांवीं, जेवण यजमानांच्या वाड्यांत, पंगतीनें. पंगतींत त्याला कोठें बसवावें हा प्रश्न कोणी काढला नव्हता. तो मीं माझ्याच मनांत काढला आणि मनांतच सोडविला. यादींत त्याच्या नांवापुढें 'सराव अपुरा' असा शेरा लिहिला. वास्तविक सराव सर्वांत अधिक त्याचाच होता. सामना आम्ही हरलों कीं जिंकलों तें आज आठवत नाहीं. अक्षर मात्र आठवतें, माझें अक्षर चांगलें होतें. त्यानंतर तो मैदानावर आला नाहीं. यंत्रास पुरवावे म्हटलें तरी त्याचे आंकडे कोठेंच नाहींत.

यांतलें एक अवाक्षरहि मीं सभेंत काढलें नाहीं. चिठ्ठ्या झाल्या आणि पुतण्यानें मोठ्यानें वाचून दाखविल्या. बाळू पालवणकर पांच, मर्चंट तीन, निंबाळकर तीन, देवधर एक. नातवानें नऊ धांवांचा पुन्हां एकदां उच्चार केला. बंधु माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा, एवढें भाषण केलेंत आणि शेवटीं तुमचें एकट्याचेंच मत पडलें कीं!" मीं मान हलविली.

रात्रीं निजतांना धाकटी नात माझ्या कानाशीं येऊन म्हणाली, "आजोबा, मीं तुमच्या देवधरांना मत दिलें हं. तुम्हांला वाईट वाटूं नये म्हणून."