प्रत्यक्ष आणि चार बोटांचे अंतर

कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपली भाषा सांगते आणि खरेपणाचा सारा मान डोळ्याच्या पदरात टाकते. 'प्रत्यक्ष' या शब्दातच 'अक्ष' आहे. अक्ष म्हणजे इंद्रिय, आणि रूढ समजुतीत डोळाच. प्रत्यक्षाला प्रमाण लागत नाही, हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. आमच्या वर्गांतून शिकवला जाणारा वास्तववाद याच विश्वासावर उभा आहे. 'लेखकाने वास्तव जसेच्या तसे टिपले आहे' हे वाक्य साहित्याच्या कोणत्याही उत्तरपत्रिकेत हमखास भेटते. 'टिपणे' या क्रियापदामागे टीपकागद उभा असतो: जिथे शाई, तिथे डाग, कागदाने स्वतःचे काही मिळवायचे नाही.

डोळा असा टीपकागद आहे काय, हे कोणालाही घरबसल्या तपासता येते. डावा डोळा मिटावा, दोन्ही हात समोर ताठ धरून अंगठे शेजारी उभे करावेत, आणि नजर डाव्या अंगठ्यावर खिळवून उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्यावा. वीतभराच्या थोडे अलीकडेच त्याचे टोक नाहीसे होते. डोळ्याच्या पडद्यातून दृष्टीचा मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथे प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशीच नसतात. एदम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा शोध १६६८ मध्ये प्रसिद्ध केला. अंगठा गेला याचे एवढे नवल नाही. तिथे भोक दिसत नाही, मागची भिंत सलग दिसते, याचे नवल आहे. तेवढी भिंत कोणी रंगवली?

आणि हा एकच गाळलेला शब्द नव्हे. लख्ख दिसण्याचा टापू हात लांब केल्यावर दिसणाऱ्या अंगठ्याच्या नखाहून फारसा मोठा नसतो. नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारते, आणि उडी चालू असताना मेंदू चित्र दाबून ठेवतो. आरशात आपल्या एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्याकडे पाहिले, तर स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसत नाहीत; शेजारच्याला मात्र दिसतात. मुद्रितशोधन करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. तिसऱ्या वाचनातही निसटलेली चूक छापून आल्यावर पहिल्यांदा पान उघडणारा मित्र नेमकी दाखवतो, कारण त्याच्या मेंदूला ते वाक्य अजून पाठ झालेले नसते.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात पाहण्याला 'अजाणता केलेले अनुमान' ठरवले. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणे मानली आणि दुसऱ्याला पहिल्याचा आधार दिला. इथे पहिलेच दुसऱ्याच्या पोटात गेले. शरीररचनाही या म्हणण्याला अनुकूल आहे. डोळ्याकडून मेंदूच्या पृष्ठभागाकडे जाणाऱ्या वाटेवर थॅलॅमसमध्ये एक ठाणे लागते. तिथे डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्यांपेक्षा वरून, मेंदूच्या पृष्ठभागाकडून, परत येणाऱ्या जोडण्या कितीतरी अधिक आहेत. मेंदू आतून अंदाज धाडतो आणि डोळा त्यात दुरुस्त्या सुचवतो, असे आज अनेक अभ्यासक मानतात. मग दुरुस्त्या येणेच थांबले तर?

आमच्या आत्याचे हेच झाले. तिने तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. सत्तरीनंतर दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मध्यभाग झिजत गेला; कडेचे दिसत राहिले, समोरचे विरून गेले. वाचन सुटले, त्याचे दुःख तिने बोलून दाखवले. दुसरी गोष्ट मात्र दीड वर्ष कोणालाही सांगितली नाही. तिन्हीसांजेला, दिवे लागण्यापूर्वी, तिच्या खोलीत माणसे येत. वीतभर उंचीची, जरीचे अंगरखे आणि उंच टोप्या घातलेली, एकमेकांशी बोलत असल्यासारखी आणि तरी पूर्ण नि:शब्द. ती तिच्याकडे पाहत नसत. कधी भिंतीवर जाळी पसरे, विटांच्या बांधकामासारखी. आणि कधी ओळी उमटत.

शेवटी तिने सांगितले ते गावातल्या एका डॉक्टरांना. त्यांनी तिला बाहेर बसवून घरच्यांना 'वय झाले' असे ऐकवले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या दिवसापासून घरात तिच्या बोलण्याची किंमत उतरली. गॅस बंद केला म्हणाली तरी कोणी उठून पाहून येई. चेकबुक दुसऱ्या कपाटात गेले. शेजारच्या एका बाईंनी बाहेरच्या बाधेचा विषय काढला, तेव्हा आत्या, जन्मात कधी अंगारा न लावलेली, गप्प बसून राहिली. प्रत्यक्षाला प्रमाण लागत नाही हे सुभाषित ज्याचे प्रत्यक्ष शाबूत मानले जाते त्याच्यापुरते असते.

तिच्यासारखी साक्ष पूर्वीही कोणी दिली होती. शार्ल बॉने या जिनिव्हाच्या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये आपल्या आजोबांची, शार्ल लुलँ यांची, हकीकत लिहिली. नव्वदीला टेकलेल्या, मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेल्या या गृहस्थांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. आणि ते खरे नाही हे त्यांना पक्के ठाऊक असे. पुढे द मॉर्सिए यांनी या अवस्थेला बॉनेचे नाव दिले. १९९८ मध्ये लंडनच्या डॉमिनिक फिच यांच्या गटाने असे भास होणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रणाने तपासणी केली. चेहरा दिसत असताना चेहरे ओळखण्याचे काम करणारा भाग जागा होता, रंग दिसत असताना रंगाचा. म्हणजे खरे पाहताना जी यंत्रणा चालते, तीच चालत होती. बुद्धी ढळलेली नव्हती. डोळ्याकडून येणारी बातमी आटली होती आणि मेंदू रिकामे पान सोडायला तयार नव्हता.

रज्जुसर्पाचा दृष्टांत इथे आठवणे स्वाभाविक आहे. शंकराचार्यांनी अध्यास सांगताना पूर्वी पाहिलेले स्मृतिरूपाने दुसऱ्या ठिकाणी भासते, असे म्हटले. आत्याच्या टोपीवाल्यांना हे लागू पडत नाही. ती माणसे तिने कधी पाहिलेली नव्हती, ओळखीचा एक चेहरा त्यांत नव्हता. (दिवंगत यजमान दिसतात का, असे नातेवाईक आशेने विचारत. दिसत नाहीत.) शिवाय दृष्टांतात दोरीचे ज्ञान झाले की साप जातो. आत्याला ज्ञान पहिल्या दिवसापासून होते आणि साप जागेवर होता. गंमत अशी की दिवा लावला तर तो बहुधा जातोच, पण ज्ञानामुळे नव्हे. उजेडाने डोळ्याला थोडे काम मिळते म्हणून.

यावरून 'सारे जगच मेंदूची निर्मिती' असा निष्कर्ष हल्ली फार उत्साहाने काढला जातो. आम्हांला तो आळशी वाटतो. आत्या त्या माणसांना वळसा घालून चालत नसे. टेबलाला घालत असे. चहाचा कप तिच्या हाताला बरोबर सापडे. मेंदू रचतो हे खरे, पण जग सतत ती रचना खोडत, सुधारत असते, आणि आपले रोजचे जगणे त्या खाडाखोडीतच चालते. वास्तववादी लेखकाकडे पाहतानाही टीपकागदाऐवजी हे ध्यानात ठेवले तर त्याने काय टिपले यापेक्षा त्याने कोणत्या दुरुस्त्या स्वीकारल्या, हा प्रश्न विचारता येईल. वर्गात तो विचारणे अवघड आहे. उत्तरपत्रिकेत मावत नाही.

पुढे दुसऱ्या शहरातल्या एका नेत्रतज्ज्ञांनी तपासणी संपल्यावर सहज विचारले, "नसलेली माणसे, जाळ्या, असे काही दिसते का हो? पुष्कळांना दिसते." आत्या बराच वेळ बोलली नाही, मग एकदम सगळे बोलली. त्यांनी संध्याकाळी दिवे लवकर लावायला आणि चित्र उमटले की नजर झपाट्याने इकडून तिकडे फिरवायला सांगितले. गोळ्या बंद झाल्या. चेकबुक आत्याने स्वतः मागून घेतले.

भिंतीवरच्या त्या ओळींत काय लिहिलेले असते, हे आम्ही तिला विचारले. "शिरोरेषा आहे, काने आहेत, वेलांट्यासुद्धा आहेत," ती म्हणाली, "पण शब्द लागत नाही. लागेल लागेल वाटते, तोवर ओळ सरकते." मग थोडे थांबून, "अक्षर मात्र सुरेख आहे." गेल्या पावसाळ्यापासून ओळी येईनाशा झाल्या आहेत. टोपीवाले अजून अधूनमधून येतात, आणि ती उठून दिवा लावते.