लाजरसाठी रडलेला देव

माय गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी ताडकळसच्या घरी माझा जुना वर्गमित्र भेटायला आला. तो ख्रिस्ती. बराच वेळ गप्प बसला आणि उठताना म्हणाला, "आमचा येशू लाजरच्या थडग्यापाशी रडला होता. तुमचा बुद्ध रडतो का रे कधी?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. वादाची ती वेळही नव्हती.

बायबलचा देव माणसासारखा आहे, हे कुणीही वाचून पाहावं. तो संध्याकाळी बागेत फिरतो, माणूस घडवल्याचा त्याला पस्तावा होतो, दुसऱ्या देवाला पुजलं की त्याला ईर्ष्या वाटते. पंडित म्हणतात, ही नुसती बोलण्याची रीत. देवाला हातपाय नाहीत. पण येशूच्या रूपानं देवानं खराखुरा देह घेतला, असंही तेच सांगतात. बैलांना चित्रं काढता आली असती तर त्यांनी देव बैलासारखाच काढला असता, असं ग्रीक झेनोफनीस अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणून गेला. आपल्याकडं रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून आळवलं. साहेबाचा ख्रिस्त मराठी आई झाला. मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू?

ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं नाही, त्यांना रडणारा देव जवळचा वाटणारच. जालन्याकडं रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या मागं आपली माणसं गेली, त्यांना हसू नये. खुद्द बाबासाहेबांनी १९३८ साली सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांपुढं सांगितलं होतं की धर्मांतरासाठी बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपलं मन वेधलं. मात्र दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळं बसवतात, हेही त्यांनी तिथंच सुनावलं. देव रडला, तरी जात हलली नाही.

आता मित्राचं उत्तर. येशू रडला आणि मग त्यानं लाजरला उठवलं. किसागोतमी मेलेलं पोर घेऊन बुद्धाकडं आली, तेव्हा बुद्धानं पोर उठवलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही, तिथून मोहऱ्या आण, म्हणाला. ती दारोदार फिरली आणि दुसऱ्यांचं दुःख ऐकत ऐकत शहाणी झाली. माझी मायही उठणार नव्हती. मला त्या दिवसांत लाजरची नाही, किसागोतमीची गोष्ट कामी आली.

पण मित्रांनो, बायबलवर बोट ठेवण्याआधी आपले चौदा एप्रिलचे बॅनर बघा. ढगांतून आशीर्वाद देणारे बाबासाहेब! विभूतिपूजेवर १९४३ च्या रानडे व्याख्यानात आसूड ओढणारा माणूस आपण ढगात नेऊन बसवला. अवतार नाकारणाऱ्या प्रतिज्ञा पाठ, आणि हे चालू.

त्याच तिसऱ्या दिवशी मावशी मला जवळ घेऊन म्हणाली होती, "तुझ्या मायला भीमबाबानं बोलावून घेतलं रे लेकरा." मी म्हणालो, "मावशी, बाबासाहेब असं कुणाला बोलावत नसतात." तिनं डोळे पुसले. "मग कोण बोलावतं?"

"कुणीच नाही."

ती काहीच बोलली नाही. माझा हात मात्र तिनं बराच वेळ सोडला नाही.