सुटलेला फर्मा

पुस्तकाच्या बांधणीत एखादी चूक राहणे हा काही गुन्हा नव्हे. कागदाचा मोठा ताव छापून त्याच्या घड्या घातल्या, की १६ पृष्ठांचा एक फर्मा तयार होतो. असे फर्मे एकापुढे एक रचून पुस्तक बांधतात. त्यांतला सातवा फर्मा सुटला, की पृष्ठ ९६ नंतर एकदम पृष्ठ ११३ समोर येते.

आईच्या वाढदिवसानिमित्त आम्ही मुंबईतील एका मोठ्या पुस्तकदालनातून एक जाडजूड मराठी आत्मचरित्र आणले होते. या दालनाच्या शाखा अनेक शहरांत आहेत. आई रोज दुपारी थोडे थोडे वाचीत असे. एके दिवशी तिने हाक मारली, "अरे, पोर तापानं फणफणलंय, आणि पुढच्या पानावर लग्नाची बोलणी चाललीत. ते पोर वाचलं की नाही?"

खरेदीला पंधरवडाही लोटला नव्हता. बिल घेऊन आम्ही वसईहून दालनात गेलो. काउंटरवरच्या मुलाने पुस्तक न उघडताच बारकोड यंत्रापुढे धरला. यंत्रात एक प्रत शिल्लक होती, फळीवर मात्र ती सापडेना. आम्ही पैसे मागितले, तेव्हा त्याने बिलामागची ओळ दाखविली : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. व्यवस्थापक दुसऱ्या शाखेत गेले होते. मुख्य कार्यालयाच्या फोनवर संगीत तेवढे ऐकू येई.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत दिलेली नसल्यास ती ३० दिवसांची धरतात. हे लेखी कळविल्यावर चौथ्या खेपेस पैसे मिळाले, पण तेही त्याच दालनात खर्च करावयाच्या कार्डाच्या रूपाने!

त्या मुलाचा आम्हांस राग आला नाही. बारकोडाचे १३ आकडे पुस्तक कोणते ते सांगतात. ते पुरते आहे की नाही, हे पाने उलटणाऱ्यालाच कळते. पाने उलटून 'चूक झाली, बदलून देतो' असे म्हणण्याचा अधिकार त्या मुलाला कोणी दिलाच नव्हता.

अखेरीस गावच्या ग्रंथालयातून एक प्रत मिळाली. ग्रंथपालांनी स्वतः पाने तपासून ती आईच्या हाती दिली. पोर वाचले होते. आई त्या दिवशी चहा घ्यायचेही विसरली. आम्हांस वाटते, वाचकाला पुस्तक देणे म्हणजे एवढेच असते.