तांडेलाला दिसायला हवं

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना जुन्या माणसांची नजर पाण्यावर अर्धगोलात तरंगणाऱ्या बोयांवर असते. जाळं बुडालेलं, मासा दिसत नाही. कुठला बोया दबला, कुठला सरकला, यावरून ती खालचा अंदाज बांधतात. मी याच किनाऱ्यावर वाढले. दोरीला बांधलेले थर्माकोलचे तुकडे, रिकामे प्लास्टिकचे डबे ही आम्हा मुलांची खेळणी. पुढे स्कूबा शिकले तेव्हा नारिंगी कापडाची, जवळपास माझ्या उंचीची नळी हातात आली. तीही बोयाच. आता दोरीच्या खालच्या टोकाला मी होते.

काम ऐकायला सोपं आहे. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. त्याआधी नळीची घडी उलगडून तिच्यात हवा भरायची आणि स्पूलवरची दोरी सुटू द्यायची. नळी वर जाते, उभी राहते, बोट तिच्याकडे येते. दहा मीटरवर भरलेली हवा पृष्ठभागावर पोचेपर्यंत दुप्पट होते, त्यामुळे तिथे अर्धी नळी भरली तरी पुरते. हे गणित वर्गात सगळ्यांना येतं. एका हातात स्पूल, दुसऱ्यात रेग्युलेटर आणि पाठीमागून प्रवाह ढकलतोय, अशा वेळी मात्र घाईघाईने नळी गच्च भरली जाते आणि ती हिसका देऊन सुटते.

अंदमानात हॅवलॉकजवळच्या जॉनीज गॉर्जला एकदा असाच हिसका बसला आणि आमच्यातल्या एकाच्या हातून स्पूल निसटलं. नळी वर पोचली, स्पूल गरगरत खाली निघालं. त्याने दोरी ओढायला सुरुवात केली. पण जितकी ओढावी तितकं स्पूल उलगडतं आणि आणखी खाली जातं! बघता बघता त्याच्याभोवती पांढऱ्या दोरीची वेटोळी जमली, एक वेटोळं फिनच्या पट्ट्यात अडकलं, तरी हा गडी नेटाने ओढतोच आहे. पाण्याखाली हसलं की गालांना सुरकुत्या पडून मास्कमध्ये पाणी शिरतं. त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या मास्कमध्ये शिरलं. प्रशिक्षकाने जवळ जाऊन त्याचे हात धरले, पाय मोकळा केला आणि दोरी सोडून सावकाश वर यायची खूण केली. राहिलेली दोरी मग बोटीत बसून निवांत गोळा केली. त्यानंतर आमच्या गटात दोरी अडकली तर तिच्याशी कुणी झटापट केली नाही. हसू आलेली गोष्ट हात विसरत नाहीत, असा माझा ठाम अनुभव आहे. म्हणूनच बोटीवर हे किस्से मनमोकळेपणाने सांगितले गेले पाहिजेत.

मालवणात घडलं ते निराळंच. एक मुलगी पाच मीटरवर शांतपणे थांबलेली, बोया वर उभा. बाजूने जाणाऱ्या छोट्या होडीतल्या पोराला वाटलं, कुणाचं तरी सामान वाहत आलंय. त्याने नळी धरून ओढली. खाली हिला वाटलं, मोठा मासा लागला. तिनेही जोर लावला. थोडा वेळ अशी रस्सीखेच झाली. शेवटी तीन मिनिटं पुरी करून ती दोरी गुंडाळत वर आली, आणि पाण्यातून काळा मास्क बाहेर आलेला पाहून ते पोर किंचाळलं, त्याला ऐकून ही किंचाळली. दोघांनाही हसू आवरेना. आमचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा, मात्र हसला नाही. "तुमी खाली खंय आसास, ता माका वयर कसा कळतला?" एवढंच म्हणाला. होडीने नळी ओढून नेली असती, तर तो चुकीच्या दिशेला गेला असता.

आम्ही सगळे बोयाला आपलं साधन समजत होतो. तो खरं तर तांडेलासाठी असतो. खालच्या माणसाने दोरी ताणून धरली नाही, तर नळी पाण्यावर आडवी पडते आणि दोन लाटांच्या मध्ये दिसेनाशी होते. 1998 मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर टॉम आणि आयलीन लोनर्गन हे जोडपं पाण्यात असतानाच त्यांची बोट निघून गेली, ते पुन्हा सापडले नाहीत. तिथे डोकी मोजण्यात चूक झाली होती, बोयाने ती भरून निघाली असती असं मी म्हणणार नाही. पण वर कुणीतरी आपल्याला शोधत असायला हवं, यावर सगळं अवलंबून असतं.

आता मी नव्यांना घेऊन जाते. पावसाळा संपून ऑक्टोबरात समुद्र निवळला, की पहिल्या दिवशी त्यांना पाण्यात सोडत नाही. तांडेलाशेजारी उभं करते आणि सांगते, शोधा. दुपारचा वारा सुटलेला, उन्हाने पाणी चकाकतंय, आमचा एक जण मुद्दाम दोरी सैल सोडतो. कुणालाच काही दिसत नाही. मग तो दोरी ताणतो, नळी उभी राहते आणि तिघं-चौघं एकदमच ओरडतात. होडीवाल्या पोरांनाही आम्ही बोलावतो, ही नळी कसली, ती का ओढायची नाही, ते दाखवतो. गेल्या हंगामात त्यांतल्याच एकाने दुरून बोया पाहून आपली होडी वळवली आणि तांडेलाला हात करून दिशा दाखवली.