राजहंसगडाचा रविवार

आज पोरांना घेऊन येळ्ळूरहून राजहंसगड चढलो. या वयात स्काउटचा गणवेश घालताना पोट आत ओढावं लागतं, ते असो. १९०७ साली ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं मुलांच्या तुकड्या पाडून कारभार त्यांच्याच नायकांवर सोपवला. आमचीही पद्धत तीच; फक्त पालकांचे फोन थांबत नाहीत. मोठ्यांनी मागून चालायचं, हेच सगळ्यांत अवघड. सिद्धेश्वराच्या देवळापाशी मराठी शाळेतला नायक कन्नड माध्यमाच्या पोराला जाड-बारीक दोऱ्या जोडायची गाठ शिकवत होता. दोनदा सुटली. माझे हात शिवशिवत होते, पण खिशातच ठेवले. पुढच्या खेपेला महिपाळगड, देवरवाडीच्या वैजनाथाकडून. पाणी जास्त घ्यायला हवं.