हत्तीच्या पोटावरची रेघ

सिंहाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढणं महाकठीण, आणि त्यात दोष सिंहाचा नाही, गवताचा आहे. ऑगस्टमधलं मसाई मारातलं वाळलेलं गवत आणि सिंहाची कातडी यांत फरक असतो तो पिवळ्या-तांबूस रंगाच्या एखाद्या छटेचा. रंग काढला की दोघांचा मिळून एकच राखाडी होतो. संगणकावर पिवळ्याची पट्टी कितीही पुढेमागे सरकवा, गवत आणि सिंह जोडीने उजळतात आणि जोडीनेच काळवंडतात. हरणांनाही तांबड्या-हिरव्यातला फरक आपल्यासारखा दिसत नाही म्हणतात. म्हणजे या घोळात मी एकटी नाही, फक्त माझ्या जिवावर बेतत नाही एवढंच. मग उपाय एकच: सिंहाच्या मागून ऊन येईल, आयाळीला चंदेरी कड चढेल, अशी वाट बघत बसायचं. दिवसाचे वीसेक तास लोळत काढणाऱ्या प्राण्याकडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आपल्या नीलपंखाचा तिथला भाऊबंद तर पारच वाया जातो. छातीवर जांभळा, पंखांत निळा, आणि रंग काढला की कुठल्याही तारेवर बसलेला कुठलाही पक्षी. उलट झेब्रा. त्याचं सगळं आयतंच, म्हणून मला त्याचे फोटो थोडे कंटाळवाणे वाटतात. त्याचे पट्टे कशासाठी हा वाद मात्र जुना आहे. 2019 साली टिम कॅरो आणि मार्टिन हाऊ वगैरे संशोधकांनी साध्या घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांच्या झुली घालून पाहिलं. चावऱ्या माश्या जवळ येत होत्या, पण पट्ट्यांवर त्यांना नीट उतरता येत नव्हतं. इतकी देखणी गोष्ट, आणि कारण काय, तर माश्या.

काळ्या-पांढऱ्याचं खरं सोनं होतं ते केनियाच्या दक्षिण टोकाला, अंबोसेलीत. जेमतेम 392 चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान. समोर किलिमांजारो, 5,895 मीटर उंच, पण तो पलीकडे टांझानियात. सकाळी तासदोन तास दर्शन देतो आणि मग ढगात जातो. खाली कोरड्या तळ्याचं विस्तीर्ण पात्र, ज्वालामुखीच्या राखेची पिठासारखी बारीक धूळ. ऊन चढलं की रंगीत फोटोवाले ‘लाइट गेला’ म्हणत जेवायला कॅम्पवर परततात. आमच्या गाडीतले एक काकाही वैतागले होते. म्हणाले, ‘‘अहो, रंगच काढून टाकायचे होते तर इतक्या लांब कशाला आलात?’’ प्रश्न रास्त होता. पण दुपारचं हेच ऊन फिकट जमिनीवर आपटून उलटं वर येतं आणि हत्तीच्या पोटाखालचा अंधार उजळतं. सोनेरी संध्याकाळी त्या भागाचा नुसता काळा गोळा दिसतो.

हत्ती सकाळी रांगेने दलदलीकडे येतात. किलिमांजारोच्या उतारावरचं पाणी जमिनीखालून झिरपत येऊन इथे वर येतं, त्यामुळे आजूबाजूचं सगळं करपलं तरी एन्कोंगो नारोक आणि लोंगिनये या दलदली हिरव्या राहतात. एक हत्तीण चरता चरता आमच्या बाजूने काठावर आली. पाण्याबाहेर पाऊल टाकलं तेव्हा तिच्या पोटावर आडवी रेघ होती. रेघेच्या खाली ओलं, चकचकीत, डांबरासारखं काळं. वर राखेने माखलेलं, जवळजवळ पांढरं. जणू कोणी पट्टी लावून आखली असावी. डोळ्यांना ती चिखलात लोळून आलेली दिसत होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र दोन वेगळ्या दगडांतून घडवलेली. पाठीवर एक गायबगळा, अख्ख्या चौकटीतला एकुलता एक शुद्ध पांढरा ठिपका. आणि मग ती रेघ वाळत गेली. काळ्याचा करडा, करड्याचा राखाडी, खालून वर नव्हे तर वरून खाली. तिने सोंडेने धूळ उचलून अंगावर फेकली आणि उरलंसुरलं चित्र पुसून टाकलं.

याच अंबोसेलीत निक ब्रँट या ब्रिटिश छायाचित्रकाराने ‘ऑन धिस अर्थ’ (2005) आणि ‘अ शॅडो फॉल्स’ (2009) या पुस्तकांतले अनेक हत्ती टिपले. फिल्मवर, पेंटॅक्स 67 कॅमेऱ्याने, आणि लांब पल्ल्याची लेन्स न वापरता. म्हणजे जवळ जायचं आणि प्राण्याला आपली सवय होऊ द्यायची. त्याचा पाणी पिणारा एक हत्ती फार गाजला. 2007 सालच्या त्या फोटोतल्या हत्तीचं नाव इगोर. दोनच वर्षांनी हस्तिदंतासाठी शिकाऱ्यांनी त्याला मारलं. पुढच्याच वर्षी ब्रँटने रिचर्ड बोनहॅम यांच्यासोबत ‘बिग लाइफ’ ही संस्था काढली, ती या भागात राखणदार नेमते.

इगोरची गोष्ट कळल्यावर तो फोटो पूर्वीसारखा पाहता येत नाही, आणि माझी अडचण इथेच आहे. आपल्याकडे दिवाणखान्यात हार घातलेला कृष्णधवल फोटो म्हणजे गेलेला माणूस. आफ्रिकेतल्या जनावरांचंही हळूहळू तेच झालं. रंग काढला, आकाश काळंकुट्ट केलं की जिवंत, पोट भरलेल्या, शेजारणीला ढुशी देणाऱ्या हत्तिणीची श्रद्धांजली तयार. ब्रँटला ते शोभतं, कारण तो शोक त्याने कमावला आहे. बाकी आम्ही हौशी मंडळी आठवडाभराच्या सहलीत ते गांभीर्य उसनं आणतो.

अंबोसेलीत 1972 पासून सिंथिया मॉस यांनी सुरू केलेला हत्तींचा अभ्यास चालू आहे. तिथे हत्ती ओळखतात कानांवरून: कुठे खाच, कुठे भोक, कुठे काट्याने फाटलेली कड, शिरांची नक्षी कशी. त्या नजरेला काळं आकाश नको असतं, ढग नको, डोंगर तर नकोच. रंगही नको. हे वाचल्यापासून मी फोकस कानाच्या कडेवर धरते आणि उजेडही कानापुरताच मोजते. मागे किलिमांजारो पांढराफटक पडतो. काकांनी तो फोटो पाहून विचारलंच, ‘‘अहो, डोंगर कुठे गेला?’’