दोन पारडी

वडिलांच्या निधनानंतर आईचे अन्नावरून मन उडाले. डॉक्टरांनी नैराश्यावर एस्सिटालोप्राम दिले. दुष्परिणामांची यादी वाचून मी गोळ्या आठवडाभर कपाटातच ठेवल्या. तेवढ्यात आई अधिकच खंगली. उपचार टाळण्याचेही दुष्परिणाम असतात, हे तेव्हा उमगले.

मग डॉक्टरांना मोकळेपणाने विचारले. उतारवयात या गोळीने रक्तातील सोडियम घटू शकते, तोल जाऊ शकतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्याने आईला धोका अधिक होता. म्हणून दोन आठवड्यांनी सोडियम तपासले, रात्री दिवा तेवत ठेवला. पाचव्या आठवड्यात आईने चहात साखर कमी असल्याची तक्रार केली!

आपणही भीती मनात न ठेवता डॉक्टरांपुढे मांडा. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.